पुस्तक हक्काचं, मोबाईल सोबतीला



"आता सगळं मोबाईलवर फुकट मिळतंय की, मग छापील पुस्तकांसाठी कशाला भांडायचं?" हा प्रश्न हल्ली आपल्याच पोरांच्या तोंडून ऐकू येतो. बेळगावात येतो, खानापुरात येतो, निपाणीत येतो आणि तिकडं भालकी-औरादलाही येतो. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या हातात फोन आहे, डेटा स्वस्त आहे, धड्याचं नाव टाईप केलं की दहा व्हिडिओ समोर येतात. त्याला वाटतं, पुस्तकं हा आता जुना विषय झाला.

पुणे-मुंबईत हा प्रश्न शिकवण्याच्या पद्धतीचा असेल. पोरांना पुस्तकातून जास्त कळतं की पडद्यावरून, एवढ्यापुरता. आपल्याकडं मात्र तो तिथं थांबत नाही, कारण आपल्या भागात मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक हे नुसतं शिकायचं साधन नाही. ज्या राज्याची राजभाषा मराठी नाही, त्या राज्याचं सरकार स्वतःच्या खर्चानं मराठीतलं गणित, मराठीतलं विज्ञान, मराठीतला समाजविज्ञानाचा धडा छापतं, तेव्हा ते एक गोष्ट लेखी मान्य करत असतं: इथं मराठीत शिकणारी मुलं आहेत आणि त्यांची जबाबदारी आमच्यावर आहे. पुस्तक आहे म्हणजे वर्ग आहे. वर्ग आहे म्हणजे शिक्षकाची जागा आहे. जागा आहे म्हणजे ती रिकामी ठेवल्याबद्दल जाब विचारता येतो. ही साखळी तुटायला सुरुवात झाली, तर ती बहुतेक पुस्तकापासूनच होईल.

म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर बोलूया. मोबाईलला शिव्या घालायच्या नाहीत आणि त्याची आरतीही करायची नाही. काय कशासाठी वापरायचं, हे नीट ठरवायचं.

आधी हक्काचं बघूया

राज्यघटनेत कलम ३५०-अ आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे राज्य पुनर्रचनेच्याच वर्षी, ते घातलं गेलं. भाषिक अल्पसंख्याक गटातल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळावं म्हणून पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेनं करावा, असं ते सांगतं. त्यासाठी राष्ट्रपती राज्याला निर्देशही देऊ शकतात. त्याच दुरुस्तीनं आलेल्या ३५०-ब कलमानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमायची तरतूद केली. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही कलम २९ मध्ये म्हणतो की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं.

सीमाप्रश्नाचा निकाल कधी लागेल, हा वेगळा विषय आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आहे, त्याचं जे व्हायचं ते होईल. पण वरची कलमं त्या निकालाची वाट बघत नाहीत. आज, या क्षणी, आपण ज्या राज्यात राहतो त्या राज्यावर ती लागू आहेत. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतल्या मुलालाही तीच लागू आहेत आणि कारवार, जोयड्यातल्या मुलालाही.

आता यातल्या "पुरेशा सोयी" या शब्दांकडं लक्ष द्या. उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं सांगितलं की पुस्तकाची पीडीएफ वेबसाईटवर टाकली आहे, म्हणजे सोय झाली, तर? कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या वेबसाईटवर मराठी माध्यमाच्या पुस्तकांच्या पीडीएफ असतात आणि ते चांगलंच आहे. पण छपाईचा खर्च वाचवायची वेळ कधी आली, तर पहिली कात्री कुठं लागेल? लाखांनी छापल्या जाणाऱ्या कन्नड पुस्तकांना लागणार नाही. ज्या भाषांच्या प्रती कमी छापाव्या लागतात, त्यांना लागेल. कमी प्रतींची छपाई प्रतीमागे महाग पडते, हे साधं गणित आहे. "मराठीवाल्यांना पीडीएफ चालते, ते कुरकुर करत नाहीत" अशी एकदा समजूत झाली की मग परतीची वाट अवघड होते.

म्हणून पहिला मुद्दा पक्का करू. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलाला छापील पाठ्यपुस्तक मोफत मिळतं. तो आपला हक्क आहे. पीडीएफ ही त्याच्या वरची भर आहे, त्याच्या बदल्यातली गोष्ट नव्हे.

मग फुकटच्या खजिन्यात काय आहे?

भरपूर आहे, आणि त्यातलं बरंच आपल्या पोरांना माहीतच नाही.

बालभारती, म्हणजे महाराष्ट्राचं पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ साली स्थापन झालं. पहिलीपासून बारावीपर्यंतची त्यांची पुस्तकं ई-बालभारतीच्या वेबसाईटवरून मोफत उतरवून घेता येतात. चौथीचं 'शिवछत्रपती' घ्या. महाराष्ट्रातल्या पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. आपल्या चौथीच्या मुलाच्या दप्तरात ते नसतं, कारण त्याचा अभ्यासक्रम दुसरा आहे. पूर्वी ते हवं असेल तर कोल्हापूर नाहीतर चंदगडच्या पाहुण्याला सांगावं लागायचं. आज ते दोन मिनिटांत फोनवर येतं.

मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. आज हे खंड इंटरनेटवर मोफत वाचता येतात. दहावीच्या मुलाला एखादी संकल्पना मराठीत, नीट व्याख्येसकट हवी असेल, तर कुठल्यातरी व्हिडिओपेक्षा विश्वकोशाची नोंद भरवशाची.

'दीक्षा' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. पाठ्यपुस्तकातल्या धड्याशेजारी जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो, तो दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याचा व्हिडिओ, सरावाचे प्रश्न वगैरे उघडतात. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही बघता येतं.

'स्टोरीवीव्हर' हे प्रथम बुक्सचं व्यासपीठ. ही संस्था आपल्याच राज्याच्या राजधानीतली, बेंगळुरूची. २०१५ पासून ते लहान मुलांची चित्रमय गोष्टीची पुस्तकं मोफत देतात, मराठीतली धरून. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचनाची गोडी लावायला याच्यासारखं दुसरं साधन शोधून सापडणार नाही. आणि इथली गोष्ट तुम्ही स्वतः दुसऱ्या भाषेत आणू शकता, छापू शकता, वाटू शकता.

शिवाय मराठी विकिस्रोत आहे. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन प्रताधिकारातून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून 'श्यामची आई' सगळ्यांची झाली. उद्या खानापूरच्या एखाद्या कॉलेजच्या पोरीनं ती आपल्या आवाजात वाचून रेकॉर्ड केली आणि गावोगावच्या शाळांना पाठवली, तर तिला कुणाची परवानगी मागायला नको.

एवढं सगळं आहे. मग अडतंय कुठं?

भाषा आपली, अभ्यासक्रम दुसरा

अडतंय ते इथं. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलाची भाषा एका राज्याच्या बाजारपेठेची आहे आणि परीक्षा दुसऱ्या राज्याची. मराठीतलं बहुतेक डिजिटल साहित्य महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर तयार होतं. कर्नाटकच्या अभ्यासक्रमावर तयार होणारं साहित्य मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत असतं. आपला विद्यार्थी दोन्हीच्या मधल्या फटीत बसलेला.

कोरोनाच्या वर्षात हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. मराठीत, गोड, घरच्या घरी करता येतील अशा कृतींची. सह्याद्री आपल्याकडंही दिसते. पण ती मालिका बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली. मराठी म्हणून आपल्या मुलांनी ती बघितली तरी, पुस्तक उघडलं की त्यात तो धडा त्या क्रमानं नव्हता. शाळेचं वर्षसुद्धा जुळत नाही. आपल्याकडं मे संपता संपता शाळा भरते, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला.

दहावीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात गणिताचे दोन भाग, दोन पेपर: एक बीजगणित, दुसरा भूमिती. विज्ञानाचेही दोन भाग. कर्नाटकच्या एसएसएलसीला गणिताचा एक पेपर आणि विज्ञानाचा एक पेपर. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्नांचा बाज वेगळा. महाराष्ट्राच्या एखाद्या सरांचा गाजलेला व्हिडिओ बघून मुलगा खूश होतो, आणि परीक्षेत त्याच्या लक्षात येतं की आपण जे घोकलं ते इथं विचारतच नाहीत. परिभाषाही कधी दगा देते. पुस्तकात एक शब्द, व्हिडिओत दुसरा, शिक्षकाच्या तोंडी तिसरा. मूळ दुसऱ्या भाषेत लिहून मग मराठीत आणलेल्या पुस्तकात तर अशा जागा बऱ्याच. हुशार मूल त्यातून वाट काढतं. मधलं मूल गोंधळतं आणि म्हणतं, "मला गणित जमत नाही." गणित जमत असतं, शब्द जुळत नसतात.

यातून मार्ग आहे, पण तो विषयागणिक वेगळा आहे. तो असा:

गणित आणि विज्ञान. कर्नाटकची वरच्या वर्गांची ही पुस्तकं एनसीईआरटीच्या पुस्तकांवर बेतलेली आहेत. म्हणजे एनसीईआरटीच्या पुस्तकांवर हिंदीत किंवा इंग्रजीत जे मोफत साहित्य आहे, ते धड्यागणिक बरंचसं जुळतं. समजायला ते, शब्द मात्र आपल्या मराठी पुस्तकातले. बालभारतीचं पुस्तक जादा उदाहरणांसाठी वापरा, क्रमासाठी नको.

समाजविज्ञान. इथं उसनवारी चालत नाही. कर्नाटकचं पुस्तक हाच आधार. महाराष्ट्राचं इतिहासाचं पुस्तक वाचायचं ते स्वतःसाठी, आपला वारसा कळावा म्हणून. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसाठी नव्हे.

मराठी. इथं मात्र दार सताड उघडं आहे. व्याकरण, निबंध, वाचन यासाठी बालभारतीची पुस्तकं, विकिस्रोत, गोष्टींची पुस्तकं, जे मिळेल ते घ्या. भाषेला अभ्यासक्रमाची वेस नसते.

मोफत वेगळं, मुक्त वेगळं

आता एक गोष्ट नीट समजून घेऊया, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर अवलंबून आहे.

"फुकट मिळतं" म्हणजे "आपलं झालं" असं नसतं. बालभारतीची पीडीएफ मोफत आहे. पण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर स्पष्ट छापलेलं असतं की सर्व हक्क मंडळाकडे राहतील आणि लेखी परवानगीशिवाय कुठलाही भाग वापरता येणार नाही. वाचायला मोफत, बदलायला बंद. यूट्यूबवरच्या सरांचा व्हिडिओही तसाच. आज आहे, उद्या त्यांनी चॅनेल बंद केलं किंवा पैसे लावले तर संपलं.

याउलट 'मुक्त' साहित्य. यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने असतात. निर्माता आधीच लिहून देतो की माझं नाव द्या आणि हे खुशाल वापरा, बदला, भाषांतर करा, वाटा. मराठी विकिपीडिया, जो २००३ पासून चालू आहे, तो असा. स्टोरीवीव्हरच्या गोष्टी अशा. युनेस्कोच्या २००२ च्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक साहित्य' ही संकल्पना पुढं आली आणि २०१९ मध्ये सगळ्या सदस्य देशांसाठी तिनं त्यावर शिफारशीही मंजूर केल्या.

आपल्यासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण आपल्याला जसंच्या तसं काहीच बसत नाही. महाराष्ट्राचा व्हिडिओ कापून आपल्या धड्याला जोडावा लागतो. कन्नडमधला चांगला धडा मराठीत आणावा लागतो. जे बदलता येत नाही ते आपल्या अर्ध्याच कामाचं. महाराष्ट्रातल्या मोठ्या मंडळांनी आपलं थोडं साहित्य जरी मुक्त परवान्यावर सोडलं, तरी सीमाभागातल्या शिक्षकांना ते आपल्या अभ्यासक्रमाच्या क्रमानं लावून घेता येईल. ही मागणी बेळगावातून मुंबईला गेली पाहिजे. सीमावासीयांसाठी भाषणं पुष्कळ होतात. हे काम भाषणाच्या खर्चात होण्यासारखं आहे.

शिक्षकांच्या मनात एक भीती असते, तीही काढून टाकू. वर्गात शिकवण्यासाठी धड्याची झेरॉक्स काढली तर गुन्हा होतो का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स सेंटरच्या गाजलेल्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती मान्य केली. वर्गापुरतं बिनधास्त वापरा. विकायला काढलं तर मात्र गोष्ट वेगळी.

कागद अजून का लागतो

"पण सर, पोरं फोनवर जास्त रमतात." रमतात, हे खरं. शिकतात का, हे विचारायला हवं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आधीच्या ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या मर्यादेत वाचताना, पडद्यापेक्षा कागदावर चांगला समजतो, असं त्यातून दिसलं. स्वीडनसारखा देश शाळांत पडदे आणण्यात पुढं होता, त्याच्या सरकारनं २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा काढला. श्रीमंत देश पुस्तकाकडं परत फिरत असताना आपण आपलं पुस्तक हौसेनं सोडून द्यावं, हे काही शहाणपणाचं नाही.

शिवाय आपली जमीन बघा. कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या जंगलातली गावं. पावसाळ्यात चार-चार दिवस लाईट नसते. रेंज शोधायला पोरं टेकडीवर जातात. घरात एक फोन असतो, तो बापाबरोबर कामावर जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. बहीण-भाऊ दोघं शिकत असतील तर फोन आधी कुणाच्या हातात जातो, हेही आपल्याला माहीत आहे. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही. ते ताईकडून धाकट्याकडं जातं, शेजारच्या घरी जातं. आईला फारसं वाचता येत नसलं तरी पोरगी त्याच पानावर बसली आहे ना, एवढं तिला दिसतं. फोनवर पोरगी काय बघते, ते तिला दिसत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तिथं "मोफत" याचा अर्थ राज्यानं खर्च उचलायचा, असा होता. आज "मोफत डिजिटल" म्हणताना फोनचा खर्च, रिचार्जचा खर्च, झेरॉक्सचा खर्च आईबापाच्या खिशातून जातो. खर्च संपलेला नाही, फक्त त्याचा खांदा बदललाय. हे ध्यानात ठेवा.

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी घरांची गोष्ट निराळी आहे. तिथं मूल बहुतेक करून दुसऱ्याच माध्यमात शिकतं आणि मराठी घरात राहते. त्यांच्यासाठी बालभारतीची पहिलीची पीडीएफ ही शाळेला पर्याय नाही, घरची मराठी टिकवायचा आधार आहे. त्यांनी ती जरूर वापरावी. पण आपल्याकडं अजून शाळा उभी आहे. उभी शाळा असताना नुसत्या पीडीएफवर समाधान मानणं, हे चालत्या विहिरीत माती लोटून बाटलीचं पाणी विकत घेण्यासारखं आहे.

पुस्तकं उशिरा आली तर?

इथं एक खरा पेच आहे. समजा शाळा सुरू झाली आणि एखाद्या विषयाचं मराठी पुस्तक आलंच नाही. वर्गातल्या कन्नड पोरांना मिळालं, आपल्याला नाही. मग काय करायचं? पुस्तक येईपर्यंत मुलांना रिकामं बसवायचं? की पीडीएफ काढून, झेरॉक्स मारून काम भागवायचं?

मुलांना रिकामं बसवू नये, यात वाद नाही. पीडीएफ काढा, झेरॉक्स करा, गावातल्या मंडळाकडून वर्गणी घ्या, शिकवणं सुरू ठेवा. पण त्याच दिवशी दुसरं कामही झालं पाहिजे. शाळा सुधारणा कमिटीच्या लेटरहेडवर अर्ज जायला हवा: अमुक शाळा, अमुक इयत्ता, अमुक विषय, एवढी मुलं, शाळा सुरू झाल्याची तारीख, पुस्तक न मिळाल्याचे दिवस. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्याला, प्रत जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकाला. पोच घ्यायची. पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात विचारायचं, की मराठी माध्यमाच्या किती प्रती मागवल्या, किती आल्या, कधी वाटल्या.

हे का करायचं? कारण आपण गुपचूप भागवून घेतलं की कागदावर तक्रार शून्य राहते. कागदावर तक्रार शून्य म्हणजे अडचण शून्य. पुढच्या वर्षी पुस्तकं आणखी उशिरा येतात, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "गेल्या वर्षी कुणी काही म्हणालं नव्हतं." आपला जुगाड हाच आपल्याविरुद्धचा पुरावा होतो. मोबाईलनं भागवा, पण भागवल्याची नोंद करा.

आता काम वाटून घेऊया

आपल्यापैकी कितीतरी जण कॉलेजात आहेत, नोकरी शोधताहेत, पुण्या-बेंगळुरूला आहेत. मोर्चाला दरवेळी येता येत नाही. पण पुढची कामं खोलीत बसून होण्यासारखी आहेत.

एक, क्यूआर कोडची मोजणी. कर्नाटकच्या मराठी माध्यमाची पुस्तकं घ्या. एकेक कोड स्कॅन करा. तीन रकाने भरा: काही उघडतं का, कुठल्या भाषेत उघडतं, धड्याशी जुळतं का. एका मित्राकडं एक पुस्तक दिलं तर एका रविवारी काम होतं. हा तक्ता हातात घेऊन अधिकाऱ्यासमोर बसलं की चर्चा हवेत राहत नाही.

दोन, जुळणीचा तक्ता. आपल्या दहावीच्या गणिताच्या प्रत्येक धड्यासमोर लिहा: एनसीईआरटीचा हा धडा, बालभारतीच्या पुस्तकातलं हे प्रकरण, विश्वकोशातली ही नोंद. एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो.

तीन, तीन भाषांची शब्दसूची. मराठी, कन्नड, इंग्रजी. विज्ञान-गणिताचे शब्द एका ओळीत. दहावीनंतर आपली पोरं पीयूसीला इंग्रजीत जातात आणि पहिल्याच तिमाहीत धडपडतात. ऑफिसात, बँकेत, बसस्टँडवर कन्नड लागतं. कन्नड चांगलं आलं म्हणून आपलं मराठीपण कमी होत नाही. शब्दांचा पूल आपणच बांधला तर पोरगं मराठी माध्यमात घालायला आईबाप घाबरणार नाहीत. मराठी शाळा रिकाम्या होण्यामागं ही भीती किती मोठी आहे, ते तुमच्या गल्लीत विचारून बघा.

चार, आपल्या शिक्षकांचे आवाज. निवृत्तीला आलेले कितीतरी मराठी शिक्षक या भागात आहेत, ज्यांनी तीस वर्षं हाच अभ्यासक्रम शिकवलाय. त्यांच्या समोर फोन धरा. एक धडा, दहा मिनिटं. कोपऱ्यात थोडा पंख्याचा आवाज आला तरी चालेल. "काय करूलालास रे, लक्ष दे" असं मधेच म्हणाले तरी राहू द्या. मुलाला कळेल, हे आपल्यातलेच कुणीतरी बोलतंय. वर मुक्त परवाना लिहा, म्हणजे कारवारच्या शाळेलाही ते वापरता येईल आणि बिदरच्याही.

पाच, मेमरी कार्डातलं वाचनालय. जिथं रेंज नाही, तिथं इंटरनेटची वाट बघू नका. पुस्तकं, गोष्टी, रेकॉर्ड केलेले धडे एका पेन ड्राईव्हवर घाला आणि शाळेत नेऊन द्या. गणपतीला गावी जाताना खिशात तेवढंच घेऊन जा.

सहा, पुस्तकांच्या तारखा. प्रत्येक शाळेत कुठलं पुस्तक कधी आलं, याची साधी वही. त्या वहीचं वजन पुढं कळेल.

या सगळ्यात मोबाईल आहेच. तो वापरायचाच. पण तो कुणाच्या जागी उभा आहे, याचं भान सोडायचं नाही. शिक्षक नाही म्हणून व्हिडिओ लावला, तर शिक्षकाची मागणी त्याच दिवशी लेखी गेली पाहिजे. पुस्तक नाही म्हणून पीडीएफ काढली, तर पुस्तकाची मागणीही तशीच.

तेव्हा या रविवारपासून सुरुवात करूया. आपापल्या गावच्या शाळेचं एक पुस्तक निवडा, त्याचं नाव आणि इयत्ता खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे एकच पुस्तक दोघांकडं जाणार नाही. दहावीपासून सुरू करू आणि खाली पहिलीपर्यंत येऊ. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपल्या हातात तक्ता असेल, शब्दसूची असेल आणि पोच घेतलेल्या अर्जांची फाईल असेल. मराठी शाळा वाचवा, हे आपण भिंतींवर खूप लिहिलं. आता ते वहीत लिहूया, तारखेसकट.